रस्ता, गाडी आणि पायवाट : यूडोरा वेल्टी यांच्या तीन कथा

प्रवासवर्णन आणि कथा ह्यांचे नाते फार जुने आहे. परंतु मोटारगाडीने ह्या नात्यात एक नवी अडचण आणून ठेवली आहे. पायी चालणारा वाटसरू गावातून जात असता जसा तो गावाकडे पाहतो तसेच गावही त्याजकडे पाहते. विहिरीवर पाणी मागितल्यावाचून, वाट विचारल्यावाचून, रात्रीच्या मुक्कामाची सोय लावल्यावाचून त्याचे चालत नाही. आणि ह्या मागण्याविचारण्यातूनच त्याचा गावाशी संबंध जडतो. गाडीत बसलेल्यास ह्यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. तो काचेआडून पाहतो, आणि जे दिसले तेच गावाचे खरे स्वरूप असे मानून पुढे निघून जातो. त्यातून रस्ता आखूड आणि गाव लहान असले म्हणजे हा समज अधिकच दृढ होतो. कारण पाव तासात जे सारे पाहून होते, त्यात न पाहिलेले असे काही उरले असेल ही शंकाच मनाला शिवत नाही.

अशा रस्त्यावरून जाणाऱ्यास काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका लेखिकेने आपल्या कथांतून ज्या बारकाईने मांडला आहे, तितक्या बारकाईने तो मांडलेला आमच्या पाहण्यात फारसा नाही. ह्या लेखिका म्हणजे यूडोरा वेल्टी. १९०९ साली मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सन येथे, त्यांचा जन्म झाला, आणि २००१ साली त्याच शहरी त्यांचा अंत झाला. मंदीच्या काळात बेकारांस काम देण्यासाठी वॉशिंग्टनच्या सरकारने जे खाते उघडले होते, त्यात १९३६ साली त्यांना प्रसिद्धीचे किरकोळ काम मिळाले. त्या निमित्ताने राज्याच्या ८२ काउंट्यांतून त्या हिंडल्या. बरोबर कॅमेरा असे. त्या काळी टिपलेली छायाचित्रे पुढे १९७१ साली 'वन टाइम, वन प्लेस' ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्यांची पहिली कथाही १९३६ सालीच छापून आली. म्हणजे वेल्टीबाईंच्या लेखनाचा आरंभच रस्त्यावर झाला असे म्हटले तरी चालेल. ह्या लेखात त्यांच्या तीन कथांचा व एका निबंधाचा विचार आम्ही करणार आहो. तत्पूर्वी ज्या मुलखाशी त्यांचा संबंध येतो, तो वाचकांच्या नजरेपुढे उभा करणे इष्ट होईल.

मिसिसिपी राज्याच्या नैर्ऋत्येस, व्हिक्सबर्ग आणि नॅचेझ ह्या दोन जुन्या नदीकाठच्या शहरांमध्ये, ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर पोर्ट गिब्सन हे छोटेसे गाव लागते. महामार्ग गावाच्या मधूनच जातो व तेवढ्यापुरते त्यास चर्च स्ट्रीट असे नाव पडते. जुनी झाडे, जुनी घरे आणि प्रार्थनामंदिरे ह्यांनी हा रस्ता शोभिवंत झाला आहे. त्यांपैकी प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंदिराच्या शिखरावर क्रूसाच्या जागी आकाशाकडे बोट दाखविणारा एक सोनेरी हात बसविलेला आहे. १८६३ सालच्या मे महिन्यात उत्तरेकडील सेनापती ग्रँट ह्याचे सैन्य लढाई जिंकून येथून गेले, तेव्हा हे गाव जाळून टाकण्यास फार सुंदर आहे असे तो उद्गारला, अशी आख्यायिका आहे. आणि गाव ती अभिमानाने सांगते. गावाच्या दक्षिणेस लॉर्मन नावाची वस्ती आहे. तिच्याजवळ महामार्गापासून ५५२ क्रमांकाचा राज्यमार्ग फुटतो आणि ऑलकॉर्न विद्यापीठाकडे जातो. आखूड रस्ता, दुतर्फा दाट झाडी, आणि झाडांवर चढून त्यांना झाकून टाकणारी कुडझूची वेल. येथील माती वाऱ्याने आणून टाकलेली, मऊ व पिवळसर. तीत शेकडो वर्षांच्या पावलांनी आणि चाकांनी जुन्या वाटा इतक्या खोल गेल्या आहेत की काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या दरडी माणसाच्या डोक्याहून उंच होतात. ह्याच मुलखात, रानात, विंडसर नावाच्या वाड्याचे २३ उंच खांब छपरावाचून उभे आहेत. १८५९ ते १८६१ ह्या काळात हा वाडा बांधून झाला. वाडा पुरा झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मालक वारला. आणि १८९० च्या फेब्रुवारीत सारे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पलीकडे रॉडनी हे एके काळचे भरभराटीचे बंदर आहे. मिसिसिपी नदीने आपले पात्र बदलले, बंदर कोरडे पडले, आणि गाव ओस झाले.

इतके सर्व पाहून होण्यास मोटारीने अर्धा दिवसही लागत नाही. आणि पाहणारा मनात जे चित्र घेऊन जातो ते मोठे मोहक असते : सुंदर गाव, उदास खांब, सोडून गेलेली नदी. ह्या चित्रात खोटे असे काहीच नाही. परंतु ह्याच रस्त्यावरची दुसरी काही माहिती त्याच्या शेजारी मांडून पाहावी. विंडसरच्या खांबांच्या विटा गुलामांनी पाडल्या व भाजल्या. ऑलकॉर्न हे विद्यापीठ १८७१ साली, गुलामगिरी नष्ट झाल्यावर सहा वर्षांनी, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झाले. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला पहिला कृष्णवर्णीय सभासद हायरम रेव्हल्स हा त्याचा पहिला अध्यक्ष होय. त्याआधी त्याच जागी गोऱ्या मळेवाल्यांच्या मुलांचे एक कॉलेज होते. त्या कॉलेजच्या जुन्या प्रार्थनागृहास आज जो लोखंडी जिना आहे, तो विंडसरच्या राखेतून वाचलेला जिना होय. आणि पोर्ट गिब्सनच्या त्या शोभिवंत पेठेत १९६६ साली कृष्णवर्णीय रहिवाशांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. न्याय्य वागणूक, सरकारी नोकऱ्यांत प्रवेश, सन्मानाने संबोधले जाणे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दुकानदारांनी फिर्याद केली. राज्याच्या न्यायालयाने साडेबारा लाख डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई फर्माविली. आणि अखेर १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून, शांततेने चालविलेला बहिष्कार हा नागरिकाचा घटनासिद्ध हक्क आहे असे ठरविले. खांब पाहण्यास गाड्या थांबतात. त्या जिन्यासाठी किंवा त्या पेठेच्या ह्या इतिहासासाठी थांबणारे थोडे.

रस्ता एकच असला तरी त्यावरून जाणाऱ्या सर्वांना तो सारखा नव्हता, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्या सरकारी खात्यात वेल्टीबाई काम करीत होत्या, त्याच खात्याच्या लेखकविभागाने १९३८ साली मिसिसिपी राज्याचे एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याचा मोठा भाग रस्त्यारस्त्याने रचलेला आहे : अमुक महामार्गाने निघा, इतक्या मैलांवर हे गाव, तितक्या मैलांवर तो वाडा. आणि १९३६ सालीच न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ह्यूगो ग्रीन ह्या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने दुसरे एक मार्गदर्शक पुस्तक काढण्यास आरंभ केला होता. कोणत्या गावी आपणांस खोली मिळेल, जेवण मिळेल, गाडीत पेट्रोल भरू देतील, एवढेच त्यात कृष्णवर्णीय प्रवाशास सांगितलेले असे. पहिले पुस्तक काय पाहावे ते सांगते, दुसरे कोठे थांबल्यास धोका नाही ते सांगते. दक्षिणेतील रस्त्याविषयी जो कोणी लिहील त्यास ह्या दोन्ही पुस्तकांचे भान ठेवावे लागेल, आणि हीच त्याच्या लेखणीची कसोटी होय असे आम्हांस वाटते.

ह्या कसोटीवर वेल्टीबाईंचा निबंध प्रथम घेऊ. १९४४ साली लिहिलेल्या 'सम नोट्स ऑन रिव्हर कंट्री' ह्या निबंधात ह्याच मुलखाचे, रॉडनीचे, विंडसरचे व नदीकाठच्या ओसाड बंदरांचे वर्णन आहे. जेथे माणसे एकदा नांदून गेली त्या स्थळाचे चैतन्य माणसे गेली तरी विझत नाही, हा त्याचा आशय. निबंध अतिशय सुंदर आहे. शब्दांची निवड, प्रकाश व झाडी ह्यांची वर्णने, भूत व वर्तमान ह्यांची एकमेकांत मिसळण, ह्या सर्व बाबतींत तो पहिल्या प्रतीचा म्हणावा लागेल. परंतु भूतकाळातील जी माणसे तेथे आपणांस भेटतात त्यांत नावाडी, लुटारू, साहसी पुरुष, फिरते धर्मोपदेशक ह्यांचीच गर्दी फार. ज्यांनी जंगल तोडले, कापूस वेचला व विटा भाजल्या, ते त्या चैतन्यात मिसळून जातात खरे, पण त्यांचा चेहरा मात्र आपणांस स्पष्ट दिसत नाही. अवशेषांच्या सौंदर्यात असा एक गुण असतो की ते बांधणाऱ्यांचा विसर पाडते. ह्या निबंधातील दृष्टी ही कितीही सूक्ष्म असली तरी सवड असलेल्या मोटारप्रवाशाची दृष्टी आहे असे म्हणणे आम्हांस भाग पडते.

आश्चर्य हे की, हा दोष दाखविण्यास दुसऱ्या कोणाकडे जावे लागत नाही. निबंधकर्त्या वेल्टीबाईंना जे निसटले, ते कथाकार वेल्टीबाईंनी त्याआधीच पकडलेले होते.

'डेथ ऑफ ए ट्रॅव्हलिंग सेल्समन', म्हणजे फिरत्या विक्रेत्याचा मृत्यू, ही त्यांची १९३६ सालची पहिली प्रसिद्ध कथा. बोमन नावाचा एक मनुष्य चौदा वर्षे जोड्यांच्या एका कंपनीसाठी मिसिसिपीतील रस्ते तुडवीत आला आहे. दीर्घ आजारातून तो नुकताच उठला आहे. तापाचा अंमल अजून पुरा उतरलेला नाही. रस्ता चुकतो, एका दरीच्या काठी रस्ताच संपतो, आणि गाडी हळूच खाली घसरून द्राक्षवेलींच्या जाळ्यात अडकते. चौदा वर्षांत प्रथमच हा मनुष्य रस्त्याच्या कडेच्या घराचे दार ठोठावतो. घरात एक बाई आहे. ती त्याला म्हातारी वाटते. थोड्या वेळाने घरातला पुरुष येतो. तो खेचर लावून गाडी वर काढतो. विस्तव नसल्यामुळे शेजाऱ्याकडून विस्तव मागून आणतो. दिवा लागतो तेव्हा बोमनला दिसते की ती बाई तरुण आहे, त्या पुरुषाची बायको आहे, आणि तिला दिवस गेले आहेत. त्या दोघांच्या अबोलपणात काही गूढ आहे असे तो इतका वेळ समजत होता. ते गूढ म्हणजे साधा संसार होय. हे कळताच त्यास तेथे राहवत नाही. रात्री तो उठतो, पाकिटातील पैसे दिव्याखाली ठेवतो, गाडीकडे धावतो, आणि रस्त्यावरच त्याचे हृदय थांबते.

ही कथा पुष्कळांनी एकाकीपणाची कथा म्हणून वाचली आहे, व तसे वाचणे चूक नाही. आम्हांस मात्र तीत एक वेगळी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बोमनची नजर वाईट नाही. ती धंद्याने घडविलेली आहे. गिऱ्हाईक, मुक्कामाची खोली आणि पुढचे गाव, ह्यांपलीकडे पाहण्याचे प्रयोजनच त्या नजरेस कधी पडले नाही. म्हणून तरुण बाई तिला म्हातारी दिसते आणि संसार गूढ दिसतो. गाडी दरीत गेल्यावाचून तिला दुरुस्त होण्यास सवड नव्हती, आणि दुरुस्त झाल्यावर जगण्यास वेळ उरला नाही. आणि शेवटी ते पैसे! मदतीचा मोबदला घेण्याचे त्या घराने आधीच नाकारले होते. तरीही तो ते ठेवून जातो, कारण रस्त्याकाठच्या घराशी पैशाखेरीज दुसरा व्यवहार त्यास ठाऊकच नाही. वेल्टीबाई ह्यावर एक शब्दही बोलत नाहीत. दिवा, पाकीट आणि उघडे दार एवढेच त्या दाखवितात, व निर्णय वाचकाच्या हाती ठेवतात.

'ए वॉर्न पाथ', म्हणजे मळलेली वाट, ही कथा १९४१ सालची. येथे गाडी नाही. फिनिक्स जॅक्सन नावाची एक जख्ख म्हातारी कृष्णवर्णीय बाई डिसेंबरच्या थंड सकाळी नॅचेझला पायी निघाली आहे. हातात छत्रीच्या काडीची काठी, अंगावर साखरेच्या गोणपाटांचे एप्रन, पायांतल्या जोड्यांचे बंद सुटलेले. टेकडी, काटेरी झुडूप, ओढ्यावरचा ओंडका, तारेचे कुंपण, वाळलेले मक्याचे शेत, बुजगावणे, असे एकेक ओलांडीत ती जाते. आणि प्रत्येकाशी बोलत जाते. एक कुत्रे अंगावर येते, ती चरात पडते. एक गोरा तरुण शिकारी तिला वर काढतो, हसतो, गंमत म्हणून तिच्यावर बंदूक रोखतो. त्याच्या खिशातून पडलेले पाच सेंटांचे नाणे ती हळूच उचलते. आणि तोच तिला सांगतो की माझ्याजवळ पैसे असते तर मी तुला दिले असते! शहरात दवाखान्यात तिला धर्मार्थ रुग्ण म्हणून वागविले जाते. नातवाने दोनतीन वर्षांपूर्वी दाहक क्षार गिळला, त्याचा घसा मधून मधून बंद होतो, त्याचे औषध नेण्यास ती आली आहे. दवाखान्यातील बाई नाताळ म्हणून तिला आणखी पाच सेंट देते. त्या दोन नाण्यांचे कागदी भिंगरीचे खेळणे घेऊन ती परत वळते.

ह्या दोन कथा एकाच हाताने लिहिल्या आणि १९४१ सालच्या 'ए कर्टन ऑफ ग्रीन' ह्या एकाच संग्रहात समाविष्ट केल्या, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. परंतु त्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एकीचा अर्थ दुसरीने उजळतो. विक्रेत्यास रस्ता पोटासाठी हवा असतो, म्हातारीस नातवासाठी. विक्रेता चौदा वर्षे तोच मुलूख तुडवूनही वाट चुकतो. म्हातारीस मधूनच आपण कशासाठी निघालो ह्याचाही विसर पडतो, पण तिच्या पायांस वाट आठवते. विक्रेत्याचे पैसे न मागता दिले जातात व कोणाच्या उपयोगी पडले ते कळत नाही. म्हातारीजवळची दोन नाणी, एक उचललेले व एक भिकेचे, एका आजारी मुलाच्या आनंदाचे रूप घेतात. आणि मुख्य म्हणजे, ज्या गोऱ्या शिकाऱ्यास ती भेटते, त्याची नजर बोमनच्याच जातीची आहे. त्यालाही ती वाटेतली एक गमतीदार म्हातारी एवढीच दिसते. ही सांताक्लॉज पाहण्यास निघाली असेल असा तर्क तो करून मोकळा होतो.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. फिनिक्स ही इतकी सोशिक, इतकी प्रतीकरूप झाली आहे की ती जिवंत स्त्री राहत नाही, गोऱ्या वाचकास रुचेल अशी कृष्णवर्णीय आजी होते, असे काही टीकाकार म्हणतात. नावापासूनच राखेतून उठणाऱ्या पक्ष्याची सूचना असल्यामुळे ह्या आक्षेपास थोडा आधारही मिळतो. तरी ते नाणे उचलण्याचा प्रसंग आम्हांस ह्या आक्षेपाचे पुरेसे उत्तर वाटतो. केवळ सोशिकतेची मूर्ती घडवावयाची असती तर लेखिकेने तिच्या हातून ही लहानशी चोरी करविली नसती. म्हातारी कुत्र्याकडे त्याचे लक्ष वळविते, वेळ साधते, नाणे एप्रनच्या खिशात टाकते. आणि आकाशात पक्षी उडालेला पाहून देवाने आपणांस पाहिले असे तिच्या मनात येते. ती धूर्त आहे, ती भिते, तिला लाज वाटते. प्रतीकांना ह्या तिन्ही गोष्टी होत नसतात.

तिसरी कथा निराळ्याच रात्री लिहिली गेली. मेडगर एव्हर्स हा ऑलकॉर्नचा पदवीधर. म्हणजे वर वर्णिलेल्या आखूड राज्यमार्गाच्या टोकाशी शिकून बाहेर पडलेला. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी व समान हक्कांसाठी तो मिसिसिपीत काम करीत असे. १९६३ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, जॅक्सन येथे त्याच्या घराच्या दारातच त्याला गोळी घातली गेली. ही बातमी ऐकून त्याच रात्री वेल्टीबाईंनी 'व्हेअर इज द व्हॉइस कमिंग फ्रॉम?', म्हणजे हा आवाज कोठून येतो, ही कथा लिहिली, आणि जुलैच्या आरंभी ती 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. कथा मारेकऱ्याच्या तोंडून सांगितलेली आहे. मारेकरी अद्याप सापडलेला नव्हता. पुढे एक मनुष्य पकडला गेला, तेव्हा कथेतील काही तपशील सत्याच्या इतके जवळ गेलेले आढळले की छापण्यापूर्वी ते बदलावे लागले. त्या मनुष्यास शिक्षा होण्यास मात्र १९९४ साल उजाडावे लागले.

ह्या कथेतही गाडी आहे. मेहुण्याचा ट्रक घेऊन तो मनुष्य रात्री आपल्याच गावातून जातो. बँकेवरची दिव्यांची पाटी किती वाजले व उकाडा किती ते दाखविते. ज्या रस्त्याने तो जातो त्यास दक्षिणेच्या सैन्यातील घोडदळाचा सेनापती नेथन फॉरेस्ट ह्याचे नाव दिलेले आहे. तोच फॉरेस्ट, जो युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनचा प्रमुख झाला. मारेकऱ्यास ह्यांतले काहीच विशेष वाटत नाही. त्याला विशेष वाटते ते एवढेच की ज्याला मारावयाचे त्याच्या घरापुढचा रस्ता पक्का केलेला आहे, आणि त्याच्या अंगणातले गवत पाणी घालून हिरवे ठेवलेले आहे. बोमन चौदा वर्षे रस्त्याकडे पाहूनही ज्याचा अर्थ समजू शकला नाही, त्याचाच हा शेवटचा व भयंकर टप्पा होय. येथे न पाहणे हे अज्ञान राहिलेले नाही, ते मत्सराशी व द्वेषाशी जाऊन मिळाले आहे. रस्त्याचे नाव, दिव्याची पाटी, पक्के केलेले डांबर, ह्या सर्वसाधारण वस्तूंतून वेल्टीबाईंनी एका संपूर्ण गावाची साक्ष काढली आहे. खुनी मनुष्य गावाबाहेरून आलेला नाही; त्याचा आवाज ह्याच रस्त्यावरून, रोजच्या बोलण्यातून येतो, हे त्या प्रश्नार्थक नावाचे उत्तर आहे.

दोन वर्षांनी, १९६५ साली, कादंबरीकाराने धर्मयुद्ध पुकारावे काय, अशा प्रश्नाचा एक निबंध वेल्टीबाईंनी लिहिला, आणि वाङ्मयाचे काम प्रचार करण्याचे नाही असे मत त्यात मांडले. ह्या मतावरून त्यांना भित्रे ठरविणारे लोक निघाले. आम्हांस हा आरोप मान्य नाही. मारेकऱ्याचे मन आपल्या शेजारचे मन आहे हे त्याच शहरात राहून छापण्यास धैर्य लागते. परंतु त्यांच्या कलेची एक मर्यादा मान्य करणे सत्याला धरून होईल. तिसऱ्या कथेत मारेकऱ्यास आवाज मिळाला; मारला गेलेला मनुष्य मात्र दिव्याच्या उजेडात क्षणभर दिसून पडतो. त्याच्या घराच्या आत, फिनिक्सच्या नातवाच्या झोपडीप्रमाणेच, आपण कधी जात नाही. वेल्टीबाई दारापर्यंत आणून सोडतात.

दाराच्या आत नेणारा लेखक त्याच शहरात वाढत होता. रिचर्ड राइट ह्याचा जन्म १९०८ साली ह्याच नॅचेझच्या परिसरात झाला, आणि त्याचे शिक्षण जॅक्सन येथे झाले. १९२५ साली राइट जॅक्सनच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेतून, व त्याच साली वेल्टीबाई गोऱ्यांच्या शाळेतून उत्तीर्ण झाल्या. एकाच वर्षी, एकाच गावात दोन शाळांतून अमेरिकेचे दोन मोठे लेखक बाहेर पडले, आणि त्या दोन शाळांमधला रस्ता कायद्याने व रूढीने बंद होता. राइटचे १९४५ सालचे 'ब्लॅक बॉय' हे आत्मचरित्र वाचल्यावाचून वेल्टीबाईंच्या कथांचे वाचन पुरे झाले असे आम्ही समजत नाही. ह्यात वेल्टीबाईंना कमीपणा नाही. कोणत्याही एका लेखकास गावाच्या सर्व घरांच्या किल्ल्या मिळालेल्या नसतात. आपल्याजवळ कोणती किल्ली नाही हे ज्याला माहीत असते तो दार फोडीत नाही, एवढेच.

मराठी वाचकास ह्या सर्वांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर दूर शोधावयास नको. ऑलकॉर्नची स्थापना झाल्यावर दोन वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले ह्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि गुलामांची मुक्तता करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस ते अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी ह्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची माणसे ओळखली होती. त्यासाठी त्यांस गाडी लागली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले, ते त्या देशात जवळजवळ तीन वर्षे राहून. अलीकडे आमच्या भाषेत प्रवासवर्णनांचे पीक उदंड आले आहे. परंतु त्यांतील पुष्कळशी गाडीच्या काचेतून लिहिलेली असतात : रस्ते रुंद आहेत, शिस्त मोठी आहे, झाडांचे रंग सुंदर आहेत. हे सर्व खरे असते. 'हे गाव जाळण्यास फार सुंदर आहे' ही आख्यायिकाही अशीच गोड आहे. पण सुंदर गाव वाचले एवढे कळून भागत नाही. त्या गावात कोण कोणास नावाने हाक मारीत असे व कोण कोणास 'मिस्टर' म्हणत नसे, हे कळल्यावरच ते गाव पाहिल्यासारखे होते.

ज्या जुन्या नॅचेझ वाटेच्या आतल्या रानात फिनिक्सचे घर असल्याचे कथेत सांगितले आहे, त्या वाटेच्या मार्गाने आज ४४४ मैलांचा एक प्रशस्त रस्ता नॅचेझपासून टेनेसी राज्यातील नॅशव्हिलपर्यंत जातो. त्याचे काम २००५ साली पुरे झाले. त्यावर मालमोटारींस बंदी आहे, जाहिरातींच्या पाट्या नाहीत, वेगासही मर्यादा आहे. पोर्ट गिब्सनजवळ मूळ वाटेचा एक खोल गेलेला तुकडा राखून ठेवला आहे. गाडी बाजूस लावून प्रवासी त्यात उतरतात, दरडींमधून चार पावले चालतात, आणि परत येतात. ह्या चार पावलांचे मोल वेल्टीबाईंच्या कथा वाचलेल्यास अधिक कळेल. त्यांच्या तिन्ही कथांत रस्ता हा देखाव्यासाठी कधीच आलेला नाही. तो प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न असा : तू येथून गेलास तेव्हा येथे कोण राहत होते? बोमन, शिकारी व मारेकरी ह्या तिघांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. ज्या वाचकाला ते द्यावेसे वाटेल, त्याने ह्या कथा लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाचाव्या, आणि मग त्यांच्या शेजारी राइटचे पुस्तक ठेवावे.